जुन्यांच्या राशी

जेवणाच्या सुट्टीत दिपालीनं आपला मोबाइल टेबलावरून पुनमकडं सरकवला आणि म्हणाली, हे तुझ्या सासरकडचंच दिसतंय बघ. पुनमनं घास तोंडात घालता घालता मान वळवली. पडद्यावर एक फोटो होता. पिवळं पडलेलं गवत, मधे काळ्या दगडांची रास, राशीचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवलेला आणि उघड्या पडलेल्या मातीभोवती पांढऱ्या दोरीचा चौकोन. खाली लिहिलं होतं की चाकणच्या वरच्या माळावर अडीच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी सापडली असून त्यांतल्या एकात लहान मुलाची हाडं आहेत. दिपाली लातूरकडची, तिला त्या बातमीचं नुसतं नवल वाटत होतं. एवढ्या वर्षांनी हाडं राहतात तरी कशी, असं तिनं विचारलं. पुनम म्हणाली, राहत असतील. तिनं डब्याला झाकण लावलं, नळावर जाऊन हात धुतले, आणि धुऊन झाल्यावरही नळ तसाच चालू ठेवून उभी राहिली. पाण्याचा आवाज थांबला की दुसरा एक आवाज ऐकू येईल अशी तिला भीती वाटली. तो कोणता हे तिला ठाऊक होतं.

दुपारभर ती इन्स्पेक्शनच्या टेबलाशी उभी होती. गाडीत बसवायच्या वायरींचे जुडगे समोर येत होते. प्रत्येक जोड बोटांनी ओढून बघायचा, क्लिप दाबून बघायची, ठीक असेल तर हिरवा ठिपका करून पुढं ढकलायचं. हे काम तिच्या हातांना इतकं पाठ होतं की डोकं बरोबर नसलं तरी चालायचं. डोकं आज माळावर गेलं होतं. लग्न होऊन ती कुरणवाडीला आली तेव्हा घराच्या दारात उभं राहिलं की समोर तो माळ दिसायचा, गावापेक्षा चांगला उंच, सपाट, झाड नसलेला, आणि त्याच्या काठाशी त्या चार-पाच राशी. लांबून त्या बसलेल्या माणसांसारख्या दिसायच्या. कुणी बसलंय तिथं, असं तिनं नवी नवरी असताना विचारलं होतं आणि सासू हसली होती. त्या जुन्यांच्या राशी. जुने म्हणजे कोण, तर गाव बसायच्या आधी जे होते ते. त्यांची नावं नाहीत, देव नाहीत, फक्त ते तिथं खाली आहेत एवढं गावाला माहीत. शेताच्या बांधाला दगड कमी पडला तरी राशीवरचा कुणी आणायचा नाही. उलट मेंढ्या घेऊन वर गेलेला माणूस येताजाता एखादा दगड ठेवून यायचा. आणि दात न आलेलं मूल गेलं तर ते तिकडंच न्यायचं. जाळायचं वय नसतं त्यांचं. एकटं पडू नये म्हणून जुन्यांच्या जवळ ठेवायचं.

हे सगळं पुनमला कळलं ते नंतर. तिला तेव्हा आठवा महिना होता. पुढच्या आठवड्यात तिचे भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होते आणि त्याआधीच सकाळी चुलीशी बसल्या बसल्या कळा सुरू झाल्या. नवनाथ, तिचा नवरा, फर्स्ट शिफ्टला गेलेला. सासरे, सावळाराम, जीप बघायला रस्त्याकडं धावले. गावातली सुईण आली. मग फार गरम, फार ओलं असं काहीतरी, छपराच्या वाशांना लागलेली काजळी, सुईणीच्या हातातल्या बांगड्यांचा वास, हो, बांगड्यांचाच, घामानं काळ्या पडलेल्या पितळेचा, आणि त्या सगळ्याच्या पलीकडून एक बारीक, चिरका आवाज. एकदा. कदाचित दोनदा. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन कललेलं होतं, घर झाडून सारवून घेतलेलं होतं, आणि सासूनं तिच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं की मुलगी होती, मेलेलीच झाली. दाराबाहेर सासरे हात धूत होते. त्यांच्या हातांना मुरमाची तांबडी माती होती आणि ते तांब्यामागून तांब्या ओतत होते, तरी ती जात नव्हती.

तो आवाज करडाचा असणार, असं पुनमनं स्वतःला सांगितलं. शेजारी चिमाजीचा गोठा होता आणि चिमाजी शेळ्या पाळायचा. करडू अगदी मुलासारखं ओरडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षं होत आली, ती हेच सांगत आली होती. पण त्या दिवसांत चिमाजीची शेळी व्यालेली होती की नव्हती, एवढी साधी गोष्ट तिनं कधी कुणाला विचारली नाही. तिच्या मनात एक वाक्य होतं, ते 'पुरली तेव्हा' या दोन शब्दांनी सुरू व्हायचं आणि ती ते पुढं जाऊ द्यायची नाही. लगेच उठायची, भांडी घासायला घ्यायची, कपडे भिजवायची. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. सासूनं जुन्या लुगड्याची पट्टी करून तिची छाती करकचून बांधली, आणि पुनम न्हाणीच्या दगडावर बसून ते दूध पिळून टाकायची, समोरच्या माळाकडं पाठ करून. नंतर मूल झालं नाही. आपण इथून जाऊ या, एवढंच ती नवनाथला सांगत राहिली. शेवटी ते दिघीला आले, भाड्याच्या खोलीत, मग दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. पण कंपनी चाकणलाच मिळाली. माणूस जाऊन जाऊन किती लांब जातो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

टेबलाशी सुपरवायझर येऊन उभा राहिला. त्यानं एक जुडगा उचलून दाखवला. क्लिप सुटी होती आणि वर हिरवा ठिपका होता. मॅडम, तुमच्याकडून असं होत नाही, तो म्हणाला. पुनमनं सॉरी म्हटलं. ठिपका तिनंच केला होता, आणि तो केल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं.

घरी आली तेव्हा सासू गॅलरीत बसली होती. सासऱ्यांच्या पश्चात ठकुबाई पुनम-नवनाथकडंच राहायची. पुनम तिला आत्या म्हणायची. गॅलरीसमोर लष्कराच्या हद्दीची भिंत आणि भिंतीपलीकडं नुसतं रान. कधी कधी तिकडं गोळीबाराचा सराव चाले, तेव्हा ठकुबाई एरवी म्हणायची, आज शिपाई लई कामावर हायेत. आज सराव चालू होता आणि ती नुसती भिंतीकडं बघत होती. दुपारचं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं, भात तसाच. जेवला नाहीत का, पुनमनं विचारलं. भूक न्हाई, ठकुबाई म्हणाली आणि विचारायला नको होतं असं काहीतरी विचारलं. गावाकडनं कुणाचा फोन आला होता का तुला? पुनम नाही म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं की सासूला बातमी कळली आहे. गावाकडून तिलाच फोन आला असणार. आणि ठकुबाईच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिनं पदर तोंडाशी धरला आणि पुन्हा भिंतीकडं बघायला लागली. पुनम चहा ठेवायला आत गेली. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं, तरी ती चहाची पूड टाकायची विसरली. सासू दुःखी दिसत नव्हती. ती घाबरलेली होती. मेलेलं मूल पुरलेल्या माणसाला घाबरायचं काय कारण?

त्यानंतरचे दिवस ह्या प्रश्नाच्या अवतीभवती गेले. दोघी एका घरात, एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं लसूण सोलायचा, आणि दोघींनी एकमेकींकडं बघायचं नाही. पुनमला सासूचे हात दिसायला लागले. इतकी वर्षं ते तिच्या केसांना तेल लावत आले होते, तापात तिच्या डोक्यावर पट्ट्या ठेवत आले होते. आता ती त्या बोटांच्या पेरांकडं, नखांकडं बघायची आणि तिचं ते वाक्य सुरू व्हायचं. पुरली तेव्हा. सासरेही आठवायचे. त्या दिवसानंतर मरेपर्यंत त्यांनी कधी मान वर करून सुनेच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. पुनमला वाटायचं, जुन्या वळणाचे आहेत. शेवटच्या आजारात तिनं त्यांना चमच्यानं पेज भरवली, तेव्हाही ते डोळे मिटून घ्यायचे. आता ते मिटलेले डोळे तिला वेगळे वाटायला लागले. मुलगी होती, हेही तिला वेगळं ऐकू यायला लागलं. एका दुपारी न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना तिच्या छातीत जुनी ओळखीची कळ आली, दूध दाटताना येते तशी. तिनं दचकून दोन्ही हात छातीवर धरले. हात कोरडेच होते. तरी ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

नवनाथला तिनं एवढंच विचारलं की त्या माळावरचं पाहिलं का. तो बूट काढत होता. पाहिलं, तो म्हणाला. मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं की तिकडं गोदामं होणार आहेत, संक्रांतीनंतर मशिनं लावून माळ सपाट करणार आहेत, त्याआधी ते पुरातत्त्ववाले काय ते शोधून घेतायत. तू ह्यात पडू नकोस. जुन्या हाडांचं ठीक आहे, पण नवीन काही निघालं तर पोलीस येतील, कुणाचं, कधीचं, डॉक्टरचा दाखला कुठाय, दहा प्रश्न. आईला ह्या वयात कशाला ते. पुनमनं विचारलं, आईला कशाला म्हणजे? नवनाथ दुसऱ्या बुटाची नाडी सोडत राहिला. तो त्या दिवशी कंपनीत होता, त्याला घरी आल्यावर जे सांगितलं तेच माहीत. पण त्यानंही कधी विचारलेलं नव्हतं, हे पुनमला त्याच्या वाकलेल्या पाठीवरून कळलं. तिघं माणसं एका गोष्टीच्या भोवती इतकी वर्षं चालत होती आणि प्रत्येकानं आपापला पाय तिच्यावर पडणार नाही एवढी काळजी घेतली होती.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं साडी नेसली आणि सासूला सांगितलं, मी माळावर जाऊन येते. तिला वाटलं सासू अडवेल. अडवलं असतं तर तेही एक उत्तर झालं असतं. ठकुबाई उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मीबी येते."

भोसरीपर्यंत रिक्षा, तिथून बस, मग कुरणवाडीच्या फाट्यावर उतरून जी मिळाली त्या टेम्पोत पुढं बसून दोघी माळाच्या पायथ्याशी गेल्या. गावात कुणाकडं गेल्या नाहीत. वाटेवर दोन्ही बाजूंना पत्र्याची कुंपणं झाली होती, ट्रक उभे होते, हिंदीत बोलणारे ड्रायव्हर चहा पीत होते. कुंपण संपलं तिथून जुनी पायवाट वर चढत होती. कार्तिकातलं ऊन, गवत कमरेपर्यंत आणि वाळलेलं. कुसळं साडीच्या निऱ्यांत घुसत होती. ठकुबाई चार पावलं चालायची आणि थांबायची. पुनम पुढं होती. तिला मागून येणारा सासूचा श्वास ऐकू येत होता आणि तो श्वास आपल्या पाठीशी नसावा असं तिला वाटत होतं. ती थांबली. सासूला पुढं जाऊ द्यावं म्हणून बाजूला झाली. ठकुबाई मात्र पुढं गेली नाही, तिथंच एका दगडावर बसली. वर माळाची कड दिसत होती, आणि तिच्यावर आभाळ. पुनमला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"आत्या, तेव्हा चिमाजीभाऊंची शेळी व्यालेली होती का?"

ठकुबाईनं हे कशाला विचारतेस असं विचारलं नाही. त्यावरूनच पुनमला कळायचं ते कळलं. म्हातारी आपल्या तळव्यांकडं बघत राहिली. खाली रस्त्यावर कुठल्यातरी कंटेनरनं लांबलचक हॉर्न दिला.

"चिमाजीनं शेळ्या त्याच्या आदल्या दसऱ्यालाच इकल्या व्हत्या," ती म्हणाली.

"म्हणजे ती रडली."

"रडली. दोनदा रडली."

पुनमनं खाली बसायला जागा शोधली नाही, ती वाटेवरच बसली. मुरमाचे खडे तळहाताला टोचले. ते वाक्य आता आलं, पहिल्यांदा पूर्ण आलं, आणि ती त्याला थांबवू शकली नाही. "पुरली तेव्हा जीव होता का तिच्यात?"

"न्हाई," ठकुबाई म्हणाली. "न्हाई पोरी. ऊन चुलीपास्नं उंबऱ्यापत्तुर गेलं तवर ती व्हती. माझ्या मांडीवर गेली. म्या तिला छातीला लावली व्हती. दूध कुठलं असनार, पर गप झाली. गार पडूस्तवर म्या कुनाला दिली न्हाई. तुज्या सासऱ्यानं मागितली, तरी न्हाई दिली."

मग तिनं बाकीचं सांगितलं, मधे मधे थांबत, माळाकडं न बघता. पुनमचं रक्त थांबत नव्हतं. सुईण म्हणाली, आई तरी वाचवा. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, नखं पण धड आलेली नव्हती. सावळाराम जीप घेऊन आले तेव्हा पुनमचं रक्त थांबलं होतं, पण पोरीला उशीर झाला होता. सुईणीनंच सांगितलं की हिला कळू देऊ नका, जितं झालं होतं कळलं तर ही उठायची नाही. तापात होतीस तू, ठकुबाई म्हणाली. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळच निघून गेली. आणि एकदा खोटं सांगितल्यावर मग खरं सांगायची भीती वाटायला लागली. सुनेच्या मनात भलतंच यायचं. परवा गावाकडून फोन आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता हाडं बघून सगळं कळतं. त्या लोकांनी तुला सांगितलं असतं की पोर जिती होती, तर तू काय समजली असतीस? "रोज तुज्या हातचं जेवत व्हते," ठकुबाई म्हणाली, "आन् रोज घास उचलताना भ्या वाटायचं, आज ही इचारंल."

पुनम सासूच्या तोंडाकडं बघत होती. त्या खोलीत तेव्हा जी माणसं होती त्यांतली सुईण गेली, सासरे गेले. आता हे एकच तोंड उरलं होतं, सुरकुतलेलं, उन्हानं डोळे बारीक केलेलं, आणि ते म्हणत होतं की असं झालं. विश्वास ठेवायचा तर ह्यावरच. तिला सासूचा राग यायला हवा होता, तो येत नव्हता. तिला एवढंच दिसत होतं की एक सबंध सकाळ त्या घरात तिची मुलगी होती आणि ती स्वतः तिच्यापासून हातभर अंतरावर झोपलेली होती. डोळे उघडले असते तर दिसली असती. ती उठली. सासूला तिनं हात दिला. तीच पेरं, तीच नखं, पण तिनं तो हात सोडला नाही.

माळावर वारा होता. फोटोत दिसलेल्या पांढऱ्या दोऱ्या खऱ्या निघाल्या. एका छत्रीखाली टोपी घातलेली एक मुलगी गुडघ्यांवर बसून बारीक कुंच्यानं माती झाडत होती. तिनं आपलं नाव स्वरूपा सांगितलं, पुण्याहून आली होती, खणण्याचं काम तिच्याकडं होतं. बघायला आलात का, या ना, ती म्हणाली. रोज कुणी ना कुणी येत असावं. तिनं आजींना बसायला खोकं दिलं आणि सरावानं सगळं दाखवलं. खाली मोठ्या दगडांचं वर्तुळ, आत खड्डा, खड्ड्यात मडकी, लोखंडाची गंजलेली पात, आणि त्यांच्यामधे एका मोठ्या माणसाची हाडं. त्याच्या कुशीला सहा-सात वर्षांच्या मुलाची. सगळं झाकून वर दगड रचलेले. एवढे दगड का, पुनमनं विचारलं. स्वरूपा म्हणाली, नक्की कुणालाच सांगता येत नाही ताई. जनावरांनी उकरू नये म्हणून असेल. किंवा जागा कळावी म्हणून. पुनमनं त्या लहान कवटीकडं पाहिलं. मातीतून ती अर्धीच वर आली होती, मातीच्याच रंगाची. हे मूल बोलत असेल, चालत असेल, पाण्याला घाबरत असेल. कुणीतरी त्याला इथवर उचलून आणलं आणि वर एक एक दगड ठेवत गेलं. इतकी घाबरलेली माणसं, तिला वाटलं. दुसऱ्या कशानं कुणी इतके दगड वाहील का?

तिनं विचारलं, अगदी लहान, अलीकडचं असं काही इथं मिळालं का. स्वरूपाचा हात थांबला. तिनं पुनमकडं पाहिलं, मग खोक्यावर बसलेल्या ठकुबाईकडं पाहिलं, आणि तिचा दाखवण्याचा सूर गेला.

"मिळालं आहे," ती म्हणाली. "त्या कडेच्या राशीजवळ, वरच्याच मातीत. ते आमच्या कामाचं नाही. आम्ही लगेच झाकून ठेवलं. गावच्या पोलीस पाटलांना बोलावलं होतं, ते म्हणाले, पूर्वी गावातली तान्ही मुलं इथं ठेवायचे, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं. अजून कोणी आलं नाही."

एकच सापडलं होतं. गावातली आणखी किती इथं होती, ठकुबाईला सांगता येईना. सावळारामांनी जागा कधी कुणाला दाखवली नव्हती, त्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं होतं, पण धोतराचा धागाही उरलेला नव्हता. स्वरूपा म्हणाली, तपासता येईल, तुमचंच आहे का ते, पण त्याला वेळ लागेल. पुनमला एकाएकी वाटलं की पळावं. आल्या वाटेनं खाली उतरावं, टेम्पो पकडावा, उद्या टेबलाशी उभं राहावं. ते आपलं निघालं तर काय, आणि नाही निघालं तर काय, दोन्ही विचारांची तिला सारखीच भीती वाटत होती. पण मशिनं येणार होती. तपासायचं नाही, ती म्हणाली. कुणाचं का असेना, ते इथं राहायला नको.

माळाची पश्चिमेची उतरण वनखात्याची होती, तिकडं गोदामं येणार नव्हती. स्वरूपानं पाटलांना फोन करून विचारून घेतलं. मग तिनं कडेच्या राशीजवळची माती थोडी थोडी बाजूला केली, मोठं काहीच नव्हतं बाजूला करायला, आणि ठकुबाईनं पिशवीतून काढून दिलेल्या सुती लुगड्याच्या फडक्यावर एक एक तुकडा ठेवला. बाभळीच्या काटक्यांएवढे. पुनमनं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ती सगळं बघत होती. फडक्याची गाठ मारून स्वरूपानं ते तिच्या हातात दिलं. पुनमनं दोन्ही हात पुढं केले होते आणि ते वजनाची वाट बघत राहिले. कंपनीतला सगळ्यात लहान जुडगासुद्धा याहून जड असतो. वारा आला तसं तिनं ते छातीशी घट्ट धरलं आणि चालायला लागली. पायाखाली एखादा दगड निसटला असता तर. प्रत्येक पाऊल ती आधी टेकवून बघत होती.

उतरणीवर करवंदीच्या जाळीच्या आडोशाला स्वरूपानं खड्डा केला. पुनमनं गाठोडं आत ठेवलं, हातानं माती लोटली. मग दगड घ्यायला वाकली आणि हातात आलेला दगड तिला खाली ठेववेना. "आत्या, जड नाही ना व्हायचं तिला?" तिनं विचारलं. ठकुबाई शेजारी बसली, आजूबाजूचे बारीक खडे ओंजळीत गोळा केले आणि आधी ते मातीवर अंथरले, सारवलेल्या जमिनीवर गोधडी घालावी तसे, हातानं सारखे करत. मग पुनमनं आपला दगड त्यांच्यावर ठेवला. तो मावला. तिनं दुसरा आणला. कशी होती दिसायला, तिनं पाठ वळलेली असतानाच विचारलं, आणि ठकुबाई म्हणाली की केस लई व्हते, काळेभोर, कपाळावर चिकटल्याले. पुनमनं आणखी एक दगड आणला.

ऊन उतरायला लागलं. स्वरूपा आपल्या छत्रीकडं परत गेली. कोल्हे असतात इकडं, पुनमला आठवलं, मोकाट कुत्री असतात, पावसाळ्यात ही सगळी उतरण वाहून येते. एका बाजूनं दगड कमी वाटत होते, तिथं तिनं दोन ठेवले. मग दुसरी बाजू कमी वाटायला लागली. खाली चाकणच्या रस्त्यावर दुसऱ्या शिफ्टच्या बसगाड्या एकामागं एक चालल्या होत्या. ठकुबाई म्हणाली, झालं आता, पुरं झालं पोरी, चल. पुनम मागं सरून बघत राहिली. रास तिच्या गुडघ्याइतकी झाली होती. किती झाले म्हणजे पुरे होतात, ते तिला कळेना. पलीकडं जाळीच्या मुळाशी एक मोठा काळा दगड होता, अर्धा मातीत रुतलेला. ती त्याच्याशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडेची माती उकरायला लागली.